रकान्यात हरवलेली मुले

जून महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा उघडू लागतात. नवी दप्तरे, नवे गणवेश, पावसाची पहिली सर आणि शाळेच्या फाटकाशी उडालेली झुंबड हे चित्र मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सारखेच असते. त्या चित्राच्या कडेला आणखी एक दृश्य असते; रोजचेच असल्यामुळे ते कोणाच्या नजरेत भरत नाही. महामार्गाच्या एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला जिल्हा परिषदेची शाळा आणि दुभाजकाचा तुटलेला भाग हीच मुलांची वाट. तिसरी-चौथीतील एखादी मुलगी धाकट्या भावाचे मनगट घट्ट धरून उभी असते. एक ट्रक जाऊ देते, दुसरा जाऊ देते आणि मग दोघे धावत सुटतात. बहुतेक दिवशी ती दोघे सुखरूप पलीकडे पोहोचतात.

बहुतेक दिवशी, सर्व दिवशी नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ९,५२८ जण अठरा वर्षांखालील होते. कोरोनापूर्वीच्या २०१९ या वर्षी ही संख्या ११,१६८ होती. म्हणजे २०१९ साली दिवसाला एकतीसच्या जवळपास आणि २०२२ साली दिवसाला सव्वीस मुले या देशाने रस्त्यांवर गमावली. सव्वीस म्हणजे खेड्यातील शाळेच्या एका वर्गाचा पट. असा एक पट रोज पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळे व्यवहार पूर्ववत सुरू होतात.

शाळेची बस दरीत कोसळली की त्या बातमीने सारा देश हळहळतो, चौकशी समिती नेमली जाते, मदत जाहीर होते. पण सव्वीस मुले सव्वीस निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या वेळी गेली, तर ती बातमी होत नाही. स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात आणि तेथेच तो विषय संपतो. ही उदासीनता दुःखद आहेच. परंतु त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ही मुले नेमकी कोण होती, कोठे होती, कशी गेली, हे शासनालाही पुरेसे ठाऊक नसते. ज्याचे कारण ठाऊक नाही, त्यावर उपाय कसा करणार?

एकाच रकान्यातील चार मुले

मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात मृतांची वयानुसार विभागणी असते. अठरा ते पंचवीस, पंचवीस ते पस्तीस, पस्तीस ते पंचेचाळीस असे प्रौढांचे टप्पे बारकाईने पाडलेले असतात. मुलांसाठी मात्र एकच रकाना : 'अठरा वर्षांखालील'. या एका रकान्यात किती वेगवेगळी मुले कोंबली गेली आहेत, याचा विचार करून पाहावा.

पहिले मूल दोन वर्षांचे. वडिलांच्या मोटारसायकलवर पेट्रोलच्या टाकीवर बसलेले. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, त्याच्या नाही. दुसरे मूल आठ वर्षांचे, शाळेतून पायी घरी निघालेले, रस्ता ओलांडणारे. तिसरा सतरा वर्षांचा, शिकवणीला जाण्यासाठी घरच्यांनीच कौतुकाने हाती दिलेली गाडी मित्रांना मागे बसवून हाकणारा. चौथे मूल बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातील. हंगामात भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, संसाराच्या बोचक्यांशेजारी झोपी गेलेले. त्याचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असले, तरी त्या दिवसांत ते कोणत्याच शाळेत नसते.

या चौघांना वाचविण्याचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली नियम केला : नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, मुलाला हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत हवा. फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे. दुसऱ्या मुलाला या नियमाचा काडीइतकाही उपयोग नाही. त्याला हवा आहे पदपथ, वाहनांचा वेग कमी करणारी रस्त्याची रचना, भुयारी मार्ग. तिसऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद केली आहे. चौथ्याचा प्रश्न साखर कारखान्यांची वाहतूक व्यवस्था, मुकादम आणि हंगामी स्थलांतर यांच्याशी जोडलेला आहे.

'अठरा वर्षांखालील : ९,५२८' हा आकडा या चार उपायांपैकी कोणता, कोठे आणि किती प्रमाणात हवा, याविषयी एक अक्षर बोलत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या नियमाचा परिणाम झाला की नाही, हे अठरा वर्षांच्या रकान्यातून कसे समजणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात चौदा वर्षांखालील आणि चौदा ते अठरा अशी विभागणी आढळते. पण कडेवरचे मूल आणि सातवीतला विद्यार्थी तेथेही एकाच घरात बसतात. वेळेचेही तसेच. अपघातांच्या वेळा तीन-तीन तासांच्या टप्प्यांत मांडल्या जातात. शाळा भरण्याचा आणि सुटण्याचा तो अर्धा तास, ज्या अर्ध्या तासात गावातील सगळी मुले एकाच वेळी रस्त्यावर असतात, या ढोबळ टप्प्यांत विरघळून जातो.

नोंद गुन्ह्याची की कारणाची?

हे असे का होते, हे समजण्यासाठी अपघाताची नोंद मुळात कशासाठी होते, ते पाहावे लागेल. आपल्याकडे ती पोलीस ठाण्यात होते आणि गुन्हा म्हणून होते. निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचे पूर्वीचे ३०४-अ कलम, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेतील १०६ वे कलम, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब हा सारा खटाटोप एका प्रश्नाच्या उत्तरासाठी असतो : दोष कोणाचा? न्यायालयाच्या दृष्टीने तो प्रश्न योग्यच आहे. परंतु पुढचा मृत्यू टाळण्यासाठी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : हे घडले कशामुळे?

२०२२ च्या अहवालात अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे दिलेले आहे. वेग घातक असतो, यात शंका नाही. पण अपघाताच्या क्षणी त्या वाहनाचा वेग मोजला कोणी? बहुतांश ठिकाणी तो मोजण्याचे साधनच नव्हते. चालकाचा निष्काळजीपणा दाखविल्याशिवाय गुन्हा उभा राहत नाही, म्हणून 'भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने' हे शब्द कागदावर येतात आणि त्या शब्दांचेच पुढे आकडे होतात. शाळेसमोर रस्ता चौपदरी झाला, पण ओलांडण्याची सोय ठेवली नाही. वळणावरील झुडपांमुळे लहान उंचीचे मूल चालकाला दिसलेच नाही. पदपथावर दुकाने आल्यामुळे मुले डांबरी रस्त्यावरून चालत होती, या गोष्टी पंचनाम्यात आल्या तर ओझरत्या येतात. तक्त्यात तर त्यांना जागाच नसते. सारा दोष एका चालकाच्या माथी मारला की रस्ता बांधणारे, परवानगी देणारे आणि देखभाल करणारे आपोआप मोकळे होतात.

दुसरी उणीव गळतीची. गावाजवळ जखमी झालेले मूल प्रथम ग्रामीण रुग्णालयात जाते, तेथून जिल्ह्याला, तेथून मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात. बाराव्या दिवशी ते तेथे दगावले, तर ती वार्ता मूळ पोलीस ठाण्यात पोहोचून जखमींच्या यादीतील नाव मृतांच्या यादीत गेले पाहिजे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अपघातानंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू हा अपघाती मृत्यू मानला जातो. पण हा निरोप दोन-तीन जिल्हे ओलांडून वेळेवर पोहोचतोच असे नाही. कित्येकदा धडक देणारा गावातलाच, नात्यातलाच असतो. आपसांत मिटते आणि तक्रार होत नाही. मूल सायकलवरून खड्ड्यात पडून गेले, तर दुसरे वाहनच नसल्याने गुन्हा कोणावर, हा प्रश्न पडतो आणि प्रकरण 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंदले जाते.

रुग्णालयाचा कागदही फारसा बोलका नसतो. मृत्यूच्या दाखल्यावर 'डोक्यास मार' एवढेच लिहिले, तर तो मार झाडावरून पडून लागला की ट्रकच्या धडकेने, हे कळण्याचा मार्ग खुंटतो. त्यातच, देशात नोंदल्या जाणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेल्या मृत्यूंचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

या साऱ्याचा परिणाम म्हणजे आकड्यांमधील प्रचंड तफावत. २०१६ साली भारतात रस्त्यांवर १,५०,७८५ मृत्यू झाल्याचे सरकारी आकडेवारी सांगते. त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २,९९,०९१ इतका होता. २०२१ साठी सरकारी आकडा १,५३,९७२, तर संघटनेचा अंदाज सुमारे २ लाख १६ हजार. संघटनेचे आकडे हे गणिती अंदाज आहेत, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. परक्या संस्थेचा अंदाज डोळे झाकून स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु तो खोडून काढण्याचा खणखणीत मार्ग एकच आहे : आपली मोजणी इतकी चोख हवी की अंदाजाची गरजच उरू नये.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही

मोजणीने मुले वाचतात का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही; ते गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या बालमृत्यूंची घरोघर जाऊन नोंद केली, मृत्यूपूर्वी बाळाला काय झाले होते हे आईवडिलांकडून समजून घेतले आणि त्यातून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी राहिली. पुढे २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यातील निरनिराळ्या स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागांत केलेल्या मोजणीतून बालमृत्यूंची खरी संख्या शासकीय नोंदींहून कितीतरी अधिक असल्याचे त्याने दाखवून दिले. विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत खळबळ उडाली, शासनाला समिती नेमावी लागली. कागदावर नसलेली मुले कागदावर आली, तेव्हाच त्यांच्यासाठी योजना आल्या.

पोलिओचे उदाहरणही असेच आहे. 'दो बूंद जिंदगी के' सर्वांना आठवते. पण त्यामागे १९९७ पासून उभारलेली शोधयंत्रणा किती जणांना ठाऊक आहे? पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला, की त्याची वर्दी द्यायची, चौदा दिवसांच्या आत शौचाचे नमुने तपासणीसाठी घ्यायचे, असा दंडक होता. मूल कोणत्या वस्तीतील, कोठून आलेले, किती डोस घेतलेले, सगळे टिपले जाई. त्या बळावर १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण देशातील शेवटचा ठरला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या देशाने एकेका लंगडणाऱ्या मुलाचा माग काढला, त्या देशाला रस्त्यावर गेलेल्या मुलाचा माग काढणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल? हा प्रश्न कुवतीचा नाही. मुलाच्या अपघाती मृत्यूकडे आपण 'नशिबाचा फेरा' म्हणून पाहतो, टाळता येण्याजोगा मृत्यू म्हणून नव्हे, हे खरे दुखणे आहे.

साधने आली, दृष्टी यावी

गेल्या काही वर्षांत शासनाने या दिशेने महत्त्वाची पावले टाकली आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मद्रासच्या आयआयटीने विकसित केलेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने राबविलेली 'आयरॅड' ही एकात्मिक अपघात-नोंद प्रणाली २०२१ पासून सुरू झाली. आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस कर्मचारी घटनास्थळावरूनच मोबाइलवर माहिती भरतो, छायाचित्रे घेतो, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात; परिवहन, रस्ते आणि आरोग्य या खात्यांनी आपापला भाग भरावयाचा असतो. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे जाणे बंधनकारक आहे. मे २०२५ मध्ये जखमींवर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना लागू झाली. ती याच प्रणालीशी जोडलेली असल्याने पोलीस आणि रुग्णालय यांच्या नोंदी एकत्र येण्याची वाट मोकळी झाली आहे.

अशा नोंदींचा उपयोग काय होतो, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने दाखविले आहे. २०१६ साली या मार्गावर १५१ जणांचा बळी गेला होता. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था यांनी अपघातांच्या जागी जाऊन शास्त्रशुद्ध तपासणी सुरू केली : वाहन कशावर आदळले, कठडा का तुटला, दुभाजकाचे उघडे टोक कोठे आहे, थांबलेले वाहन मागच्याला का दिसले नाही. एकेक दोष शोधून दुरुस्त होत गेला. २०१९ साली मृतांची संख्या ९२ वर आली होती. नागपुरात 'आयरास्ते' प्रकल्पाने तर अपघाताची वाटही पाहिली नाही. शहर बसमध्ये बसविलेल्या यंत्रांनी चालकाला जेथे वारंवार धोक्याचा इशारा दिला, त्या जागा नकाशावर टिपून, पुढे काळ ठरू शकतील अशी ठिकाणे आधीच हेरण्याचा तो प्रयत्न होता.

मुलांच्या बाबतीत ही दुसरी दृष्टी विशेष मोलाची आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील 'ब्लॅक स्पॉट' ठरविण्याची कसोटी अशी की, सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात अथवा दहा मृत्यू व्हावेत. आता एखाद्या गावातील शाळेसमोर तीन वर्षांत दोन मुले दगावली, तर ती जागा या कसोटीस उतरत नाही. आणखी किती मुले गेली म्हणजे तो धोका सरकारदरबारी धोका ठरणार? प्रौढांच्या मृत्यूंवर बेतलेली मोजपट्टी मुलांना लावल्याचा हा परिणाम आहे.

आकडेवारीच्या भक्तीत एक सावधानताही हवी. तमिळनाडूने २००९ पासूनच संगणकीय अपघात-नोंद यंत्रणा उभारली आणि तिचे देशभर कौतुक झाले. तेथील मृत्यू २०१६ साली १७,२१८ होते, ते २०१९ साली १०,५२५ झाल्याची नोंद आहे. मात्र २०२२ च्या अहवालात हाच आकडा १७,८८४ आहे. इतकी मोठी घसरण आणि इतकी मोठी उसळी पाहिली की, त्यातील किती रस्त्यावरची आणि किती कागदावरची, हा प्रश्न विचारावाच लागतो. घट दाखविण्याची हौस नोंदीला पोखरते. म्हणून पोलिसांच्या आकड्याला रुग्णालयाच्या आकड्याची साक्ष हवी. स्वीडनमध्ये पोलीस आणि रुग्णालये यांच्या नोंदी एकाच प्रणालीत जुळवून पाहिल्या जातात, तो याचसाठी. पोलिसांपर्यंत कधी न पोहोचणारे सायकलस्वारांचे अपघात तेथे रुग्णालयांमुळे उघड झाले.

काय व्हावयास हवे?

यासाठी नवे मंत्रालय नको की अब्जावधींचा निधी नको. पहिली गोष्ट म्हणजे अठरा वर्षांखालील रकाना फोडावा. शून्य ते चार, पाच ते नऊ, दहा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे किमान चार टप्पे व्हावेत. प्रत्येक टप्प्यात मूल पायी होते, सायकलवर होते, दुचाकीवर पुढे की मागे होते, रिक्षात, शालेय बसमध्ये की ट्रॉलीत होते आणि ते स्वतः वाहन चालवीत होते का, हे वेगळे दाखवावे. हेल्मेट किंवा पट्टा होता का, मूल शाळेच्या वाटेवर होते का, हेही त्यात यावे. मोबाइलवरील प्रणालीत जन्मतारीख आणि ठिकाण नोंदता येत असताना, छापील अहवालात एकच ढोबळ रकाना उरावा, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही.

दुसरी गोष्ट, मुलाच्या प्रत्येक अपघाती मृत्यूची गुन्ह्याच्या तपासाव्यतिरिक्त स्वतंत्र कारणमीमांसा व्हावी. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंचा आढावा घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१४ सालीच आखून दिली आहेत. आशा कार्यकर्ती घरी जाते, आईवडिलांशी बोलते, समिती कारणांचा विचार करते. हीच पद्धत रस्त्यावर दगावलेल्या अठरा वर्षांखालील सर्व मुलांना लावता येईल. समितीत पोलीस, बांधकाम खात्याचा अभियंता, मोटार वाहन निरीक्षक, वैद्यकीय अधिकारी आणि शिक्षक असावेत. त्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : या जागी पुन्हा असे होऊ नये म्हणून कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, काय करावे?

तिसरी गोष्ट वेळेची आणि खुलेपणाची. २०२२ चा वार्षिक अहवाल ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये गेलेले मूल सार्वजनिक आकडेवारीत यायला एकवीस महिने लागले. तोवर त्या शाळेपुढून दोन शैक्षणिक वर्षे निघून जातात. नावगाव वगळून, जागेनिशी आणि वयोगटानिशी ही माहिती दर तिमाहीस जिल्ह्याच्या पातळीवर खुली झाली, तर पालकसभा, ग्रामसभा आणि नगरपालिका यांच्या हाती जाब विचारण्याचे साधन येईल.

पोलिसांवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात हे नवे ओझे कशाला, अशी हरकत घेतली जाईल. ती निराधार नाही. बंदोबस्त, तपास, न्यायालयीन तारखा यांत गुरफटलेल्या अंमलदाराने आणखी वीस रकाने भरावेत, ही अपेक्षा केली तर तो ते घाईघाईने भरील आणि चुकीची माहिती ही माहिती नसण्याहून घातक ठरेल. म्हणूनच रस्त्याची मोजमापे अभियंत्याने, दुखापतीची नोंद डॉक्टरने आणि वाहनाची तपासणी मोटार वाहन निरीक्षकाने करावी. सारे पोलिसांच्या गळ्यात घालू नये. अतिवेग आणि हेल्मेट ही कारणे तर सर्वांना ठाऊक आहेत, मग आकडे कशाला, अशी दुसरी हरकत असते. कारणे ढोबळमानाने ठाऊक आहेत, हे खरे. पण गतिरोधक ढोबळमानाने बसविता येत नाही. तो कोणत्या शाळेपुढे आधी बसवायचा, हे नेमक्या नोंदीवाचून कळत नाही. ती नोंद नसली, की ज्याचा वशिला मोठा त्याच्या दारासमोर गतिरोधक होतो आणि शाळा तशीच राहते.

समाजाचा वाटा

शासनाकडे बोट दाखवून समाजाला मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमावलीने प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, असे सांगितले आहे. मुख्याध्यापक, पालक प्रतिनिधी, पोलीस आणि मोटार वाहन निरीक्षक यांना एकत्र बसविणारी ही रचना आहे. आपल्या पाल्याच्या शाळेत ती समिती आहे का, तिची बैठक शेवटची केव्हा झाली, एवढे विचारणारे पालक तरी किती आहेत? या समितीने बसचालकाचा परवाना पाहण्यापुरते न थांबता शाळेभोवतालच्या वाटांचा नकाशा करावा. मुले कोठून येतात, कोठे रस्ता ओलांडतात, कोणत्या कोपऱ्यावर थोडक्यात बचावतात, हे मुलांनाच विचारावे. ती अचूक सांगतात. बचावलेल्या प्रसंगांची एक साधी वही शाळेत असावी. वर्षभरात ती वही कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा अधिक सांगू लागेल.

गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे काम अवघड नाही. भूकंपात, पुरात धावून जाणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. पण आपत्ती येण्यापूर्वी, कोणतीही बातमी नसताना, शाळा सुटण्याच्या वेळी महामार्गाच्या कडेला उभे राहून किती मुले रस्ता ओलांडतात याची आठवडाभर मोजणी करणे हीही सेवाच आहे. त्या मोजणीचा कागद घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे गेलेल्या दहा नागरिकांना रिकाम्या हाती परतविणे सोपे नसते. निवेदन फायलीत पडून राहते. तारीख, वेळ आणि संख्या असलेला कागद उत्तर मागतो.

घराघरांतही एक हिशेब व्हावयास हवा. दहावी उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस म्हणून परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणारे पालक अडाणी नसतात; सुशिक्षित, सुखवस्तू मध्यमवर्गातीलच असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रथ-गाडी हाकणारा अल्पवयीन असेल, तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड करावा, असे सांगितले आहे. ज्या अर्थशास्त्राने गोप आणि स्थानिक या अधिकाऱ्यांकडून घरोघरच्या माणसांची मोजदाद ठेवण्यास सांगितले, त्यानेच मुलाच्या हातून घडलेल्या अपघाताची जबाबदारी मोठ्यांवर टाकली. नोंद आणि उत्तरदायित्व या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेला परक्या नाहीत. विसर पडला आहे तो आपल्याला.

शाळेत रोज सकाळी गुरुजी हजेरी घेतात. एखादे मूल दोन दिवस आले नाही, तर चांगला शिक्षक त्याच्या घरी निरोप धाडतो : का आले नाही? देशाच्या हजेरीपटावरून एका वर्षात ९,५२८ नावे पुसली गेली आणि ती का पुसली गेली, हे विचारण्यासाठी एकच ढोबळ रकाना आपण ठेवला. मुले परत येणार नाहीत. पण प्रत्येक मूल कोठे, कसे आणि कशामुळे गेले, याची प्रामाणिक नोंद झाली, तर उद्या त्याच दुभाजकापाशी धाकट्या भावाचे मनगट धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला सुखरूप पलीकडे नेणारी वाट निश्चित बांधता येईल. त्या वाटेची सुरुवात कागदावरील एका स्वच्छ, खऱ्या नोंदीपासून होते.